स्थायी घेतली, अंतरा राहिला

आमच्या बडोद्यात जून महिना उजाडला, की दोन गोष्टींकडे डोळे लागतात. एक पाऊस आणि दुसरी कॉलेजांचे प्रवेश. पाऊस लांबला, तर माणसे सूरसागराच्या काठी उभी राहून आभाळाकडे पाहतात. प्रवेशाचे दिवस आले, की आमच्यासारख्यांच्या दारात विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप येऊन उभे राहतात. मी पेशाने संगीतशिक्षक. माझ्यापाशी द्यायला सा-रे-ग-म खेरीज फारसे काही नाही. पण रावपुरा आणि दांडिया बाजार या बाजूच्या जुन्या मराठी घरांनी मिळून चालवलेला एक लहानसा विद्यानिधी आहे, आणि त्याच्या समितीत गेली काही वर्षे मलाही बसवून ठेवले आहे. म्हणून ही वर्दळ.

निधी लहान आहे. वर्षाला दहाबारा मुलामुलींचे कॉलेजचे शुल्क भरण्याइतकाच त्याचा जीव. परंतु ज्या वडीलधाऱ्यांनी तो उभा केला, त्यांनी आरंभीच एक अट घालून ठेवली आहे. ज्याला मदत मिळेल, त्याने वर्षभर आठवड्यातून दोन तास समाजाच्या कामी द्यावेत. कोणी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यावा, कोणी दृष्टी गेलेल्या वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे, कोणी ग्रंथालयातील पुस्तकांना पुठ्ठे घालावेत. दान घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, त्याला आपणही काही दिले असे वाटावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. त्यात काही खोट असेल, असे इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते.

यंदा ते आले, आणि तेही एका अर्जामुळे. अर्ज करणारी मुलगी शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. वडील एका दुकानात हिशेब लिहितात. मुलगी सहा वर्षांपासून माझ्याकडे गाणे शिकते आणि संध्याकाळी शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून घराला हातभार लावते. अर्जाच्या शेवटी अट मान्य असल्याबद्दल सही करायची असते. तिने सही केली होती आणि सहीखाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती: ‘अट मान्य आहे. एक विचारावेसे वाटते. ज्यांच्या घरी शुल्क भरायला पैसे आहेत, त्यांना ही अट कोण घालतो?’

समितीच्या बैठकीत ती ओळ वाचली गेली आणि क्षणभर कोणी बोलेना. मग एक बुजुर्ग सभासद म्हणाले, “मदत घ्यायची आणि वर आपल्यालाच प्रश्न विचारायचा! हा काय न्याय झाला?” त्यावर आमच्या समितीतील एक काकू, ज्या एरवी सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, “प्रश्न विचारला म्हणून काय बिघडले? आपल्यापाशी उत्तर नसेल, तर नाही म्हणून सांगावे.” कोणी म्हणाले अट काढून टाका, कोणी म्हणाले अर्जच काढून टाका. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, शिष्या तुमची. तुम्हीच काय ते सांगा.” मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे मनात घोळले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

घरी आलो तो पहिली आठवण झाली ती वडिलांची. माझे वडील दरबारचे तबलजी. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही; मी पाहिला तो दरबार गेल्यानंतरचा माणूस. १९४६ साली सतराव्या वर्षी ते दरबारच्या चाकरीत लागले आणि १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे त्यांच्या वाट्याला दरबार आला तो अवघा तीन वर्षे. पण या तीन वर्षांच्या गोष्टी त्यांना साठ वर्षे पुरल्या.

त्यातली एक गोष्ट ते नेहमी सांगत. पगार दरबारचा, परंतु महफिल काही रोज नसे. म्हणून सकाळच्या वेळी शिकाऊ मुलांना ठेका धरून देण्याचे काम त्यांच्याकडे असे. बाबांना त्याचा मनस्वी कंटाळा. मुले बेसूर, बेताल. समेवर येण्याऐवजी भलत्याच मात्रेवर येऊन पडणार, आणि यांनी त्यांना सांभाळून घेत तीनताल वाजवीत राहायचे. एकदा त्यांनी आपल्या उस्तादांपाशी गाऱ्हाणे केले, “माझा हात बिघडतो.” उस्ताद म्हणाले, “हात बिघडेल, पण कान सुधारेल. चुकणाऱ्याला सम दाखवता आली, तरच तुला सम कळली.” त्या वयात बाबांना ते पटले नाही. पुढे संस्थान गेले, कलावंतांची पांगापांग झाली आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांना तारले ते त्याच कंटाळवाण्या सकाळींनी. बाबांना शिकवता येत होते. “दरबार गेला, शिकवणे राहिले,” असे ते म्हणत आणि आपल्या तळहाताकडे पाहत.

आमच्या बडोद्याला हा विचार नवा नाही. उस्ताद मौलाबक्ष यांच्या हस्ते १८८६ साली सयाजीराव महाराजांनी येथे गायनशाळा सुरू करविली, ती दरबारातील विद्या रस्त्यावरच्या माणसाच्या मुलापर्यंत पोचावी म्हणून. ज्या काळात उस्ताद आपली चीज स्वतःच्या जावयालाही सहजासहजी देत नसत, त्या काळात ही गोष्ट घडली. पुढे १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. गायनशाळेचेच रूपांतर होत होत आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगशील कलांची विद्याशाखा झाली आहे. कलावंताने खाल्लेल्या अन्नाची फेड समाजाला शिकवून करावी, हा संस्कार या शहराच्या मातीत आहे.

पण याबाबतीत सर्वांत रोखठोक व्यवहार केला तो पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी. कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेला हा मुलगा. लहानपणी फटाक्यांच्या दारूने डोळे दुखावले, शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकायला राहिला. मिरज सोडल्यावर फिरत फिरत ते आमच्या बडोद्यासही येऊन गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे शुल्क देऊन शिकणारे विद्यार्थी होतेच. पण त्यांच्याखेरीज पंडितजींनी ‘उपदेशक वर्ग’ म्हणून एक वेगळा वर्ग चालविला. त्यात गरीब घरची होतकरू मुले घेत. राहणे, जेवण, शिक्षण सारे मोफत. मात्र मुलाकडून करार लिहून घेत. नऊ वर्षे विद्यालयात राहून शिकायचे, आणि शिकून झाल्यावर गावोगाव संगीताचा प्रसार करायचा. शिकता शिकताच वरच्या मुलांनी खालच्यांचे वर्ग घ्यायचे, सतरंज्या घालायच्या, तंबोरे पुसायचे, पंडितजींच्या कार्यक्रमाबरोबर दौऱ्यावर जायचे.

आजच्या भाषेत याला काय म्हणावे? आर्थिक साहाय्य आणि समाजसेवा यांची एकत्र गाठ मारलेली शिष्यवृत्तीच की ही! आणि तिचे फळ पाहा. विनायकबुवा पटवर्धन मिरजेच्या अधिपतींच्या शिष्यवृत्तीवर लाहोरास गेले. त्यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढून जन्मभर शिकविले. भरूचमध्ये अत्यंत गरिबीत वाढलेले ओंकारनाथ ठाकूर एका पारशी गृहस्थांच्या साहाय्याने पंडितजींकडे पोचले. विशीच्या आतच लाहोरच्या विद्यालयाची धुरा त्यांच्यावर पडली आणि पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी संगीताचे शिक्षण उभे केले. पंडितजींची मुंबईची इमारत कर्जात गेली. १९३१ साली मिरजेस त्यांचा देह पडला, तेव्हा त्यांच्यापाशी मालमत्ता म्हणून काही राहिले नव्हते. पण त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि आजही देशभरातील मुले त्या मंडळाच्या परीक्षा देतात. माझ्या स्वतःच्या वर्गातील निम्मी मुले त्याच परीक्षांची तयारी करतात. इमारत गेली आणि करार टिकला, असे हे उदाहरण.

ग्वाल्हेरचे उदाहरण याहून थोडे निराळे. तेथे माधवराव शिंदे महाराजांनी काही गवयांना सरकारी खर्चाने मुंबईस भातखंडे यांच्याकडे पाठविले. स्वरलेखन आणि शिकवण्याची पद्धत शिकून यावे आणि परत येऊन संस्थानच्या विद्यालयात शिकवावे, हा हेतू. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया तेथे शिक्षक झाले आणि पुढे प्राचार्य. गाणे त्यांना आधीच येत होते, घराणे त्यांच्या गळ्यात होते. संस्थानने पैसे खर्च केले ते त्यांना गवई बनवण्यासाठी नव्हेत, शिक्षक बनवण्यासाठी. आमच्याकडे गाणारे पुष्कळ आणि शिकवणारे थोडे. तेव्हा हा खर्च किती शहाणपणाचा होता, हे माझ्यासारख्याला चांगले समजते.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हीच गाठ निराळ्या तऱ्हेने मारली. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह. त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूमहाराजांचे नाव मिळाले. मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, खडी फोडावी आणि शिकावे. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द त्यांच्यामुळे मराठीत रूढ झाले. १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा तेही याच पायावर. घर चालेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास घातला, ही गोष्ट साताऱ्याकडच्या घराघरांत सांगितली जाते. तेथे श्रम सगळेच करीत. मला वाटते, त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. शिक्षणासाठी राबण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो काहींनीच राबण्यात.

उरलेले अर्धे उत्तर शोधायला मला बडोद्याबाहेर जावे लागले नाही. तरी तेथवर जाण्याचे मी दोन दिवस टाळले, कारण ती गोष्ट आपल्या शहराला भूषणावह नाही.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने एका तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठविले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांपर्यंत. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, असा करार झाला. करारावर सही करणारा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. कॉलेजात असतानाही त्यांना महाराजांकडून महिना पंचवीस रुपये मिळत होते. अस्पृश्य गणलेल्या घरातील मुलाला समुद्रापार पाठवणारे संस्थानिक त्या काळात किती होते, हे सांगायला नको. महाराजांचे ते मोठेपण निर्विवाद आहे.

करार पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ साली बडोद्यास आले. ज्ञान घेऊन आले, सेवा द्यायला आले. आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. हिंदू खानावळीत शक्य नव्हते. म्हणून ते नाव बदलून एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे जिन्यात येऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. ओळखीच्या दोघांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या बागेत आपण नातवंडांना घेऊन जातो, तीच ही सयाजीबाग. तेथील ते स्थळ आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखले जाते आणि दूरदूरहून लोक तेथे येऊन डोके टेकवतात.

तेव्हा करार मोडला तो कोणी? कागदावर पाहिले तर आंबेडकरांनी दहा वर्षे नोकरी केली नाही. पण माणसाकडून सेवा मागायची आणि त्याला छप्पर द्यायचे नाही, हा करार आपल्या बाजूने पाळला असे म्हणता येईल का? महाराजांनी पैसे दिले. शहराने जागा दिली नाही. सेवेची अट घालणारा फक्त तिजोरीच्या जोरावर ती अट घालू शकत नाही. ज्यांच्यामध्ये सेवा करायची, त्या समाजाच्या वर्तनाची हमीही त्याला द्यावी लागते. पुढे त्या विद्वानाची सेवा बडोद्याच्या दप्तराला नव्हे, तर राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षपदावरून साऱ्या देशाला मिळाली. ते देशाचे भाग्य. पण त्यामुळे आपल्या शहराच्या खात्यावरील बाकी फिटत नाही.

हा विचार चालू असतानाच अमेरिकेहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची मुलगी तिकडे कॉलेजात जाते आणि ‘बॉनर’ नावाच्या शिष्यवृत्तीवर शिकते. १९९० साली केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजात ही योजना सुरू झाली आणि पुढे अनेक कॉलेजांत पसरली. बेताच्या परिस्थितीतील मुलांना मदत देतात आणि सत्र चालू असताना आठवड्याला दहा तासांच्या आसपास समाजसेवा करून घेतात. मी विचारले, “दहा तास? मग ती अभ्यास कधी करते?” तो हसून म्हणाला, “सर, तेच तर त्यांचे म्हणणे. गरीब मुलाला पोटासाठी दुकानात राबावेच लागते. त्या तासांऐवजी हे तास. दुकानात राबण्याची गरज पडू नये, म्हणूनच शिष्यवृत्तीचा पैसा.” म्हणजे तेथे सेवा ही मुलाच्या वेळेवर वरून घातलेली कर-आकारणी नव्हे, मुलाचा वेळ आधी पैशाने मोकळा करतात आणि मग तो मागतात. हे ऐकले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची मुलगी संध्याकाळच्या शिकवण्या करते. आमचे दोन तास ती कुठून आणणार? एक शिकवणी सोडूनच ना! आम्ही एका हाताने शुल्क देत होतो आणि दुसऱ्या हाताने तिची मिळकत काढून घेत होतो. इतक्या वर्षांत हा साधा हिशेब आम्ही मांडला नव्हता.

आपल्याकडे कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे, असा तिचा नियम. तिच्यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही, ही मोठी गोष्ट. पण तिच्यात शुल्काची मदतही नाही. एकीकडे सेवा आहे तर पैसा नाही, दुसरीकडे पैसा आहे तर सेवा फक्त गरजवंतापुरती. या दोहोंचा मेळ बसवणे हे तंबोरा जुळवण्याइतकेच कानाचे काम आहे. एक तार चढवली, की दुसरी उतरल्यासारखी वाटते.

आता जे लिहितो, ते समितीपुढे सांगायलाही मला जड गेले होते.

मीही अशाच एका शिष्यवृत्तीवर शिकलो. बाबांचे वय झाले होते, शिकवण्यांवर घर चालत होते. कॉलेजातील संगीताच्या शिक्षणासाठी मला मदत मिळाली, ती एका अटीवर. दर रविवारी सकाळी एका वसतिगृहात जाऊन तेथील लहान मुलांना गाणे शिकवायचे. पहिले तीन महिने मी मनापासून गेलो. भूप झाला, मग यमन घेतला. मुले नऊदहा वर्षांची. त्यांना यमनातील एक छोटीशी बंदिश सांगायला घेतली. तेवढ्यात नवरात्र आले. बडोद्याचे नवरात्र म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. रात्रभर गरब्याच्या वादकांत बसलो, की चार पैसे हातात पडत. पहाटे घरी येऊन झोपलो, की रविवार सकाळ गेली. नवरात्र संपले, पण माझी सवय काही मोडली नाही. वसतिगृहाचे व्यवस्थापक भले गृहस्थ. हजेरीच्या वहीवर मी महिन्याच्या सह्या एकदम केल्या तरी ते काही बोलत नसत. वर्ष संपले, शिष्यवृत्ती पुरती मिळाली, कोणी काही विचारले नाही.

याला पंचवीस वर्षे झाली. मागल्या हिवाळ्यात माझी स्कूटर वाडी भागात बंद पडली. ढकलत ढकलत एका गॅरेजवर नेली. मालक पस्तिशीचा, हात काळे झालेले. त्याने प्लग काढता काढता माझ्याकडे दोनतीनदा पाहिले आणि गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, “मास्तर, तुम्ही आम्हाला रविवारी गाणे शिकवायला येत होता ना?” मी चमकलो. तो हात पुसत उभा राहिला आणि त्याने, रस्त्याच्या त्या गोंगाटात, यमनाची ती स्थायी म्हणून दाखवली. पंचवीस वर्षे त्याने ती जपली होती. तीव्र मध्यम जागच्या जागी होता. स्थायी संपवून तो म्हणाला, “याच्या पुढचे काय होते? तुम्ही पुढचे सांगायला आलाच नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, साधी चौकशी होती. आणि तेच मला लागले. त्याने पैसे घेतले नाहीत. मी घरी आलो, तंबोरा काढला आणि तो अंतरा एकट्यानेच म्हणायला बसलो. पण आवाज लागेना.

तेव्हा सेवेची अट मोडणे म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचून कळलेले नाही. ज्या संस्थेने मला पैसे दिले, तिचे मी काही बुडवले नाही. तिच्या वह्या पूर्ण होत्या. मी बुडवले ते दहा वर्षांच्या एका मुलाचे, ज्याचे नावही मला आठवत नव्हते.

आठ दिवसांनी बैठक भरली. मी प्रथम स्वतःची गोष्ट सांगितली आणि मग चार सूचना मांडल्या. पहिली, सेवेची अट काढू नये. पण विद्यार्थ्याला जे येते, त्यातूनच ती घ्यावी. शास्त्र शिकणाऱ्या मुलीने पुस्तकांना पुठ्ठे घालत बसू नये. तिने वस्तीतील मुलांना गणित शिकवावे. दुसरी, ज्या विद्यार्थ्याची त्या वेळेतील मिळकत बुडते, त्याला निधीने तेवढी रक्कम शुल्काखेरीज द्यावी; परीक्षेच्या दोन महिन्यांत तास मागू नयेत. तिसरी, मदत देतानाचे आणि सेवा करतानाचे फोटो काढू नयेत, छापू तर मुळीच नयेत. चौथी सूचना सांगताना माझा आवाज थोडा खाली आला असावा. निधीच्या सभासदांच्या घरांतील जी मुले कॉलेजात जातात आणि ज्यांना मदतीची गरज नाही, त्यांनीही आठवड्याचे हेच दोन तास द्यावेत.

पहिल्या तीन सूचना अर्ध्या तासात मंजूर झाल्या. निधीच्या व्याजातून भागणार नाही म्हणून यंदा दोन विद्यार्थी कमी घ्यावे लागतील, हे कडू सत्य आमच्या खजिनदारांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि ते सर्वांनी गिळले. दोन मुलांना नाही म्हणण्याचे दुःख लहान नाही. त्यांतील एकाची आई माझ्या दारावरून डोळे पुसत गेली. चौथ्या सूचनेवर मात्र रात्री साडेनऊपर्यंत वाद झाला. “आमच्या मुलांना वेळ कुठे आहे?” असे एकजण म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबले. काकू फक्त हसल्या. अखेर ठरले ते असे, की सक्ती करू नये. ज्याने त्याने घरी विचारून सांगावे. अकरा घरांपैकी पाच घरांनी होकार कळविला आहे. सहा घरांचा होकार अजून यायचा आहे. मी त्यांची वाट पाहतो आहे आणि त्यांत माझे कितीतरी स्नेही आहेत, म्हणूनच हे येथे उघडपणे लिहितो.

ज्या बुजुर्गांना त्या मुलीचा प्रश्न उर्मट वाटला होता, त्यांची नात वाणिज्य शाखेत शिकते. गेल्या शनिवारी वस्तीतील वर्गात दोन मुली फळ्यापाशी उभ्या होत्या. एक आमची अर्ज करणारी, दुसरी ही नात. मुलांना त्यांतील कोण शिष्यवृत्तीची आणि कोण घरची, हे ठाऊक नव्हते. मला वाटते, त्या बारीक अक्षरातील ओळीचे उत्तर ते हेच. तिला तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “सर, पाच घरे झाली. अजून सहा आहेत.” मी गप्प बसलो. प्रश्न विचारणारे विद्यार्थी असे असतात. त्यांना सम दाखवली तरी ते पुढच्या आवर्तनाकडे पाहतात.

माझे स्वतःचे म्हणाल, तर दर मंगळवारी रात्री गॅरेज बंद झाले, की वाडीतला तो विद्यार्थी माझ्याकडे येतो. साबणाने हात घासून येतो, तरी नखांत काळे राहतेच. आम्ही अंतरा घेतला आहे. तार षड्जावर त्याचा आवाज अजून थरथरतो. पंचवीस वर्षांचा खंड आहे, इतक्यात तो भरून यायचा नाही. मी ठेका धरून बसतो, आणि तो चुकला, तर सम येईपर्यंत थांबतो.